गाडी येत असताना पूल उचलू नये

४ सप्टेंबर

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर फाड, पण वाचून फाड. मागच्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, तो राग मी गिळलाय. दिवसभर प्रयोगशाळेत बसून लोकांच्या कवळ्या घासते, त्यामुळे स्वतःचे दातओठ खायला मला संध्याकाळच मिळते.

काम असं आहे. बाबांच्या खोलीभर मांडलेल्या छोट्या रेल्वेला यंदा प्रदर्शनाचं बोलावणं आलंय, आणि ते शेवटचं आहे. शेवटचं असं मी नाही म्हणत, प्रदर्शनाचा चिटणीस घरी येऊन म्हणाला. पुढच्या वर्षीपासून हॉलभर पडदे लावणार, लोक खुर्चीत बसून पडद्यावरच्या गाड्या हाकणार, आणि आपल्यासारख्या फळ्यांवरच्या रेल्वे जिन्याखाली जाणार. माणूस वाईट नाही तो. चहा पीत पीत समजावत होता, की रेल्वेवेड्यांच्या मंडळातले जुने सभासद एकेक करून चाललेत, त्यांच्या बायका इंजिनं खोकी भरभरून कुणालाही देऊन टाकतायत, नवी पोरं फिरकत नाहीत. फिरकली तरी प्रत्येक टेबलावर 'हात लावू नका' अशी पाटी, मग ती थांबतील कशाला? म्हणून यंदा अट घातलीय. प्रत्येक रेल्वेत निदान एक गाडी अशी हवी, जी बघायला आलेल्या मुलांना फोनवरून चालवता येईल.

बाबांनी त्याची कॉलर धरली. चष्मा खाली पडला आणि बाबांच्या टाचेखाली आला. मुद्दाम नव्हे, असं मी चिटणिसाला सांगितलं, तुलाही तेच सांगते. तो गेल्यावर बाबा रेल्वेच्या खोलीत जाऊन दारासमोरचा पूल खाली टाकून बसले, आणि जेवणाच्या वेळी बाहेर येऊन म्हणाले, "एक गाडी. मालगाडी. एक्स्प्रेसला कोणी हात लावायचा नाही."

फोनचं सगळं भिंगरी करणार आहे. माझी लेक तू बघितलीस तेव्हा पाळण्यात होती, आता चौदाची आहे, आणि तिचे हात अगदी तुझ्यासारखे चालतात. बाबांना आता लांबचं दिसत नाही. जवळचंही कडेकडेनं दिसतं, मधोमध डाग. त्यामुळे खिडकीकडचं स्टेशन सांभाळायला माणूस हवाय, आणि ते स्टेशन तुझं होतं. म्हणून लिहिते. प्रदर्शनाचे दोन दिवस ये. बाबा बदललेत रे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण यांचा पीळ बराच सैल झालाय.

भिंगरीला ते हात लावत नाहीत. तिच्या ओठाला टाके पडलेत, ते खोलीतल्या कपाटाचं दार लागून. कुणाकडून तरी ऐकशील आणि भलतंच समजशील, म्हणून आधीच सांगून ठेवते.

येशील ना?

ताई


२० सप्टेंबर

बारक्या,

इतक्या वर्षांनी तुझं कार्ड आलं, आणि त्यावर चार शब्द. "तिला तिथून बाहेर काढ." ना ताई, ना सही. कार्डाचे तुकडे केले, मग ते जुळवून परत वाचले. लांब राहून हुकूम सोडणं सोपं असतं. मी इथे बाबांना दोन वेळचं करून घालते, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते, आणि तू चार शब्दांत मोकळा!

पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? खोलीतल्या कपाटाला दार नाहीच, हे मी कुणाला सांगतेय! ते दार बाबांनी काढून त्याचा पूल केला तेव्हा बिजागऱ्या तूच धरल्या होत्यास. मला लिहिताना आठवलं नाही. किंवा आठवलं असेल, आणि तुला कळावं असंही वाटलं असेल. कोण जाणे.

तर ऐक. खोली आहे तशीच आहे. चारी भिंतींनी फळ्यांचं रिंगण, मधल्या मोकळ्या जागेत आपण, आणि दारासमोर ये-जा करायला ती उचलायची फळी, आपला पूल. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला कडी. बाबांनी पांढऱ्या रंगानं त्यावर लिहिलेलं वाक्यही आहे तसंच आहे: गाडी येत असताना पूल उचलू नये. आपण अक्षरं शिकलो ती त्यावरच.

भिंगरी म्हणाली, "आजोबा, इथे एक बटण बसवू या. पूल वर गेला की दोन्हीकडची वीज आपोआप बंद. गाडी कधी पडायचीच नाही."

"ज्याला समोरून येणारी गाडी दिसत नाही त्यानं माझ्या खोलीत पाय ठेवू नये."

"मग आधी तुम्हीच बाहेर जा की," ती हसत म्हणाली. चौदा वर्षांची पोर, जिभेला हाड नाही.

त्यांनी तिची मान मागून धरली आणि तोंड पुलाच्या कडेवर आपटलं. म्हणजे कपाटाचं दार लागलं, हे एका अर्थी खरंच होतं. रुळांवर रक्त पडलं. बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि आधी रूळ पुसले.

मी काय केलं? डब्यांची पेटी उचलून भिंतीवर फोडली. त्यांच्या अंगावर नाही, भिंतीवर. या घरात पहिल्यापासून भिंतीच मार खात आल्यात, त्यांना पळता येत नाही. दवाखान्यात टाके घालणाऱ्या बाईला भिंगरीनंच सांगितलं, की दार लागलं. मी शिकवलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर दोघं शेजारी शेजारी बसून मी फोडलेले डबे चिकटवत होते. ती सुजलेल्या ओठांनी शीळ घालायचा प्रयत्न करत होती. बाबा म्हणत होते, "सावकाश, चाक वाकेल." बारक्या, मला त्या दोघांचाही इतका राग आला की हातातली पिशवी फेकावीशी वाटली.

तू विचारशील, मग निघत का नाहीस? मी निघेन, पण ही यायची नाही. तिला त्या रेल्वेचं वेड आहे, तुला होतं तसंच. ओढत नेलं तर पळून परत येईल आणि त्या रिंगणात एकटी त्यांच्यासमोर उभी राहील. म्हणून प्रदर्शन होऊ दे. त्यानंतर रेल्वे सुटी करून खोक्यांत जाणार, बाबा स्वतः म्हणालेत. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली बघून ठेवलीय. तोवर तिला त्यांच्या हाताखालून सुखरूप बाहेर काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात आहे. तेवढ्यासाठीच मधे उभं राहायला आणखी एक माणूस हवंय.

तुझी बोटं सरळ झाली का रे? मला तो दिवस विसरता येत नाही. एक्स्प्रेस घसरली, त्यांनी रुळाचा तुकडा घेतला, पहिला फटका बसला. पूल तुझ्या पाठीशीच होता. कडीवर हातही ठेवलास तू. मी टेबलाखालून बघत होते, मनात ओरडत होते, उचल, पळ. पण दुसऱ्या रुळावरून मालगाडी येत होती, आणि तू थांबलास. गाडी जाऊ दिलीस. तेवढ्यात दुसरा फटका बसला, आणि बोटं गेली ती त्यातच.

तुझ्या जागी मी असते तर मीही थांबले असते.

ताई


११ ऑक्टोबर

बारक्या,

येऊ नकोस.

तुझं कार्ड त्यांना सापडलं. जोडलेलं कार्ड माझ्या उशीखाली होतं, भिंगरीनं चादर झटकली आणि ते पडलं. अक्षर दिसायला डोळे लागतात, पण तुझं अक्षर ओळखायला बाबांना डोळ्यांची गरज पडली नाही. कागदावर बोट फिरवून म्हणाले, "हा अजून इतकं दाबून लिहितो."

मग म्हणाले, "येऊ दे. दुसरा हात शिल्लक आहे त्याचा."

माझंही डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, आईपासून सुरुवात केली एवढं सांगते. त्यांनी वीजपुरवठ्याची पेटी उचलून फेकली. जड असते ती, तुला माहीतच आहे. नेम माझ्यावर नव्हता असं ते म्हणतात. दिसत नाही त्याचा नेम कुठेही असू शकतो. बरगडीला तडा गेलाय. श्वास घेतला की कळतं, हसले की जास्त कळतं. बरं आहे, हसायचे प्रसंग फार येत नाहीत.

तरी एक सांगते. भिंगरीची मालगाडी चालायला लागली. बाहेरच्या रुळावरून फिरते, तार नाही, बटणांचा खोका नाही. फोनवर बोट सरकवून वेग द्यायचा, की पुढचा हुकूम मिळेपर्यंत ती आपली चालतच राहते. फोन खिशात टाक, घराबाहेर जा, ती फिरतेच आहे. बाबांना हेच खुपतं. "गाडी आणि माणूस यांच्यामध्ये तार पाहिजे," म्हणतात. "तार काढली की लगाम गेला. मग ती कुणाची?" पण परवा खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसले होते, आणि मधेच म्हणाले, "शेवटून दुसऱ्या डब्याचं डावं चाक घासतंय." भिंगरीनं बघितलं, घासत होतं. तिनं मागून त्यांच्या गळ्यात हात टाकले. त्यांनी ते काढले नाहीत.

असलं काही बघितलं की माझी पंचाईत होते. नुसता मारकुटा असता, तर मी त्याला कधीच सोडून गेले असते.

पेटी फेकल्यावर मी त्यांना समोर बसवलं. म्हटलं, प्रदर्शनात पोरीच्या अंगाला बोट लावलंत तर याद राखा. त्यांनी शपथ घेतली. कशाची घ्यावी? एक्स्प्रेसच्या इंजिनाची. पितळ कापून, कानशीनं घासून, स्वतःच्या हातांनी केलेलं ते इंजिन. त्यावर हात ठेवून म्हणाले, "माझे हात खिशात राहतील."

माझ्या किंवा तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली असती, तर मी विश्वास ठेवला नसता. इंजिनाची घेतली, म्हणून ठेवते.

तू मात्र येऊ नकोस. तू दिसलास तर शपथ मोडायला त्यांना निमित्त मिळेल.

ताई


२ नोव्हेंबर

बारक्या,

हे पत्र शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीतून लिहितेय. खाली यंत्रं खडखडतात, टेबल हलतं, अक्षर वेडंवाकडं आलं तर त्यामुळे. थोडं हातामुळेही. उजव्या हाताला पट्टी आहे.

क्रमानं सांगते, नाहीतर मलाच धड सांगता यायचं नाही.

अर्धा हॉल अंधारा केला होता. तिथे पडदे, खुर्च्या, आणि पोरांची ही गर्दी. पडद्यावरची गाडी स्टेशनात शिरली की सगळे टाळ्या वाजवायचे. उजेडाच्या अर्ध्या भागात आम्ही म्हातारे. आपली रेल्वे मधोमध मांडली होती, तेच रिंगण, भोवती दोरी, आत आम्ही तिघं. बाबांनी कोट घातला होता. हातात वेताची छडी, लोकांना स्टेशनं दाखवायला.

सकाळ छान गेली. भिंगरी फळीवरून हात लांब करून मुलांना फोन द्यायची, मुलं मालगाडी हाकायची, रांग पार दारापर्यंत गेली. चिटणीस नवा चष्मा लावून दोनदा येऊन गेला, खूश होता. पण रांगेतलं कुणीही आतल्या रुळाकडे बघत नव्हतं. बाबांनी एक्स्प्रेसचा वेग वाढवला, तरी नाही. आणखी वाढवला. शेवटी एका लहान मुलीनं विचारलं, "आजोबा, ही फोनवर चालत नाही?"

"नाही."

"मग हिचा काय उपयोग?"

लोक हसले. बाबाही हसले, पण त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. ती लाल झाली की काय होतं हे तुला सांगायला नको. माझ्या बरगडीत कळ गेली. मी त्यांच्याकडे सरकायला लागले.

भिंगरीला त्यांना वाचवायचं होतं रे. फोन परत घेऊन खिशात टाकला आणि मोठ्यानं म्हणाली, "अहो, हे इंजिन आजोबांनी स्वतः बनवलंय, पितळ कापून! आणि आता त्यांना दिसत नाही, तरी एकदम बरोबर चालवतात!"

तिनं कौतुकच केलं होतं. पण आंधळा हा शब्द त्या माणसानं आपल्या घरातही कुणाला उच्चारू दिला नव्हता, आणि तिनं तो अर्थ भर हॉलमध्ये सांगितला. पहिली थप्पड गालावर बसली. मग छडी, मानेवर. मग पुन्हा छडी, कानावर. कानातून रक्त आलं. दोरीपलीकडे इतकी माणसं होती, एकाचाही पाय हलला नाही. एक जण शूटिंग करत होता.

मी छडी धरली. त्यांनी कोपर मारलं, नेमकं तडा गेलेल्या जागी. या वेळी नेम चुकला नाही. मी गुडघ्यांवर खाली आले, डोळ्यांपुढे काजवे. आणि फळीखालून मला भिंगरीचे पाय दिसले. ती पुलाकडे चालली होती. धावत नव्हती. मी मान वर केली, तेव्हा तिचा हात कडीवर होता आणि वळणावरून एक्स्प्रेस सुसाट येत होती.

बारक्या, माझ्या पोरीच्या कानातून रक्त वाहतंय, मागे तो माणूस छडी घेऊन उभा आहे, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"गाडी येतेय!"

तिनं पूल उचलला.

इंजिन पहिलं पडलं. खाली दगडी फरशी होती. त्याच्यामागून एकेक डबा शिस्तीत आला आणि खाली गेला. पितळ फुटल्याचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. बाबा ओरडले. आई गेली तेव्हा नाही, तुझी बोटं मोडली तेव्हा नाही, तो आवाज त्यांनी इतकी वर्षं या इंजिनासाठी जपून ठेवला होता. भिंगरी तुकड्यांवरून पाय टाकून बाहेर पडली, दोरीखालून वाकली आणि दाराकडे चालू लागली. तिनं मागे वळून बघितलं नाही.

बाबा छडी उगारून तिच्या मागे त्या उघड्या जागेकडे निघाले. मी फळ्यांखालून रांगत बाहेर आले, उठले, आणि त्यांच्या तोंडावर पूल खाली ओढला. छडी माझ्या बोटांवर बसली, ज्या बोटांवर तुला फटका बसला होता त्याच. मी सोडला नाही. त्यांचा डावा हात फळीच्या कडेवर होता. पूल त्यावर आपटला, मी वरून सगळं वजन टाकलं आणि कडी लावली. मुद्दाम नव्हे, असं मी लोकांना सांगितलं. तुला तसं सांगत नाही.

त्यांनी हात ओढून काढला. बोटं बघवत नव्हती. छडी टाकली, आणि उजव्या हातानं चाचपडत कडी शोधली. कडीला कुलूप नव्हतं. उचलायचं आणि बाहेर यायचं, माझ्या अंगावर, पोरीच्या मागे. मी समोर उभी होते. पळायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

तेवढ्यात मालगाडी आली. भिंगरीची. इतका वेळ ती पलीकडच्या बोगद्याच्या बाजूला होती. खडखड करत पुलावरून गेली, शेवटून दुसऱ्या डब्याचं चाक अजून थोडं घासत होतं. बाबांचा हात कडीवरून मागे आला.

ती गेली. त्यांनी पुन्हा कडी चाचपली, मोडलेल्या बोटांनी फळी धरायला गेले, धरवली नाही, पुन्हा प्रयत्न केला. तोवर ती फिरून आली. त्यांनी हात मागे घेतला.

फोन भिंगरीच्या खिशात होता, आणि भिंगरी हॉलबाहेर होती. थांबायला सांगणारं कुणी नव्हतं. गाडी फिरत राहिली, आणि दर वेळी बाबा हात मागे घेत राहिले. सगळा हॉल बघत होता. पडद्यांसमोरची पोरंही उठून आली होती.

मी म्हटलं, "बाबा, उचला की."

"गाडी येतेय," ते म्हणाले.

अगदी साध्या आवाजात. राग नाही, काही नाही. लहानपणी आपल्याला सांगायचे तसं.

चिटणीस धावत आला, म्हणाला, मुख्य बटण बंद करू का? मी म्हटलं, "थांबा जरा." मग माझी पिशवी उचलली आणि निघाले. मला रडू येत होतं. कुणासाठी ते अजून नीट कळलेलं नाही, तुझ्यासाठी सुद्धा असेल. मागून चिटणिसानंच सांगितलं, की वीज बंद केली, गाडी पुलाच्या अलीकडे थांबली, तरी बाबा बराच वेळ तसेच उभे होते. शेवटी कुणीतरी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. आता ते घरी आहेत. बोटं प्लास्टरमध्ये आहेत, मंडळातले दोघं जण जेवण पोचवतात. मी जाणार नाही. गेले तर तुला कळवीन, पण जाणार नाही.

रेल्वे हॉलच्या जिन्याखाली पडलीय. चिटणीस विचारतो, पुढच्या वर्षी मांडू या का, भिंगरी चालवेल का? ती म्हणते, "चालवीन. पण आधी पुलाला बटण बसवीन."

खोली लहान आहे, तरी तिसरा माणूस मावेल. ये. येताना भिंगरीला काय विचारायचं ते ठरवून ये, कारण मी एकच प्रश्न विचारला आणि तो चुकला. ती हॉलच्या पायऱ्यांवर कानाला रुमाल लावून बसली होती. मी शेजारी बसले. पहिल्यांदा कान बघायला हवा होता, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. मी विचारलं, "तुला गाडी येताना दिसली नाही का गं?"

"दिसली की," ती म्हणाली.

ताई